कोहाचा सर्व्हर आणि ईटीसीमधल्या फाइली

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालयाचं कामकाज सांभाळणारं सॉफ्टवेअर चालतं. पुस्तकांची देवघेव, वाचकांची खाती, ऑनलाइन सूची असं सगळं एकाच सर्व्हरवर, आणि त्यावर होती डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली. ऑगस्ट २०२४मध्ये त्या आवृत्तीची नेहमीची सुरक्षा-देखभाल संपून ती दीर्घकालीन देखभाल करणाऱ्या गटाकडे जाणार होती. म्हणून त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत डेबियन १२वर जायचं ठरलं. अपग्रेडची कमांड चालवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, उतरतात, बसतात, आपण बघत राहायचं. खरं काम सेटिंग्जच्या फाइली ठेवणाऱ्या ईटीसी डिरेक्टरीत असतं. सर्व्हर उभा केल्यापासून त्याला ज्याचा ज्याचा हात लागला, त्या प्रत्येकाने तिथे काहीतरी बदललेलं असतं आणि का बदललं याची नोंद क्वचितच सापडते.

डेबियन या फाइलींच्या बाबतीत फार सभ्य आहे, आणि ते नेमकं कसं वागतं हे एकदा समजून घेतलं की निम्मी भीती जाते. पॅकेजं बसवणारं डीपीकेजी प्रत्येक कॉन्फिगरेशन (सेटिंग्जच्या) फाइलचे तीन एमडी५ ठसे, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणा, ताडून पाहतं: जुन्या पॅकेजसोबत आली होती ती फाइल, आत्ता डिस्कवर आहे ती, आणि नव्या पॅकेजमधली. आपण फाइलला हात लावलेला नसेल तर नवी फाइल गुपचूप बसते. आपण बदल केलाय पण पॅकेजवाल्यांनी केलेला नाही, तर आपलीच फाइल राहते, तेही न विचारता. दोघांनीही बदल केला असेल तेव्हाच अपग्रेड थांबतं आणि विचारतं. वाय दाबलं तर नवी फाइल येते आणि आपली जुनी 'डीपीकेजी-ओल्ड' हे शेपूट लावून शेजारी ठेवली जाते. एन दाबलं तर आपली राहते आणि नवी 'डीपीकेजी-डिस्ट' नावाने ठेवली जाते. डी दाबलं की फरक दिसतो, झेड दाबलं की शेल, म्हणजे कमांड लिहायची जागा, उघडतं. काहीच न निवडता एंटर मारला तर आपली फाइल राहते. आपण मुद्दाम काढून टाकलेली फाइलसुद्धा डीपीकेजी परत आणून ठेवत नाही, कारण काढून टाकणं हाही त्याच्या लेखी आपण केलेला बदलच.

इतकं सगळं असूनही ठिकठिकाणी सल्ला दिलेला आढळतो की प्रश्न नकोत म्हणून नेहमी नवीच फाइल घेणारा 'फोर्स-कॉन्फ-न्यू' हा पर्याय लावा आणि मोकळे व्हा. एकसारखे शंभर सर्व्हर स्क्रिप्टने उभे केलेले असतील आणि त्यांच्या सगळ्या सेटिंग्ज दुसरीकडून पुन्हा लिहिल्या जाणार असतील, तर ते ठीक आहे. ग्रंथालयासारख्या ठिकाणी, जिथे सर्व्हर एकच आणि त्याच्या सेटिंग्जची दुसरी प्रत कुठेच नाही, तिथे हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. सरसकट आपलीच फाइल ठेवणारा 'फोर्स-कॉन्फ-ओल्ड' लावणंही मला पटत नाही. त्याने आज काही बिघडत नाही, पण पॅकेजवाल्यांनी विचार करून केलेल्या सुधारणा आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. दोन-तीन अपग्रेडनंतर आपली फाइल इतकी मागे पडते की फरक वाचायला बसलं तरी हाती काही लागत नाही.

सुरुवात ईटीकीपरने केली. ही जोई हेस यांनी लिहिलेली छोटी सोय आहे. ती पूर्ण ईटीसी डिरेक्टरी गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात ठेवते आणि पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या एपीटीने काहीही बसवलं की त्याच्या आधी आणि नंतर आपोआप नोंद करते. गिट फाइलींचे मालक आणि सगळ्या परवानग्या लक्षात ठेवत नाही, म्हणून ईटीकीपर त्या वेगळ्या फाइलीत टिपून ठेवतं. एक गोष्ट मात्र गाठीशी बांधावी. या साठ्यात खात्यांच्या पासवर्डचे ठसे असलेली शॅडो फाइल असते, दुरून सर्व्हरवर शिरायच्या एसएसएच सेवेच्या खासगी किल्ल्या असतात, कोहाच्या डेटाबेसचा पासवर्डही असतो. ही रिपॉझिटरी बाहेरच्या कुठल्याही गिट-सेवेवर ढकलायची नाही, 'खासगी' असा शिक्का असला तरी नाही.

मग आपल्या हातचे बदल नेमके कोणत्या फाइलींत आहेत हे काढलं. डेबसम्स नावाचं पॅकेज बसवून त्याला फक्त बदललेल्या कॉन्फिगरेशन फाइली दाखवायला सांगितल्या. यादी आली: सुडोने, म्हणजे वरिष्ठ अधिकाराने, कमांड कोण चालवू शकतो ते ठरवणारी सुडोअर्स, अपाचे या वेब-सर्व्हरची पोर्ट्‌स-कॉन्फ, मारियाडीबी या डेटाबेसची पन्नास क्रमांकाची सर्व्हर फाइल आणि इतर काही. एसएसएच सेवेची (एसएसएचडीची) एसएसएचडी-कॉन्फिग त्यात नव्हती, आणि हीच जागा फसवी आहे. ती फाइल डीपीकेजीच्या नोंदीत कॉन्फिगरेशन फाइल म्हणून नसतेच. तिचा सांभाळ यूसीएफ करतं. मनोज श्रीवास्तव यांनी लिहिलेली ही सोय अशा फाइलींसाठी आहे, ज्या पॅकेजमधून थेट न येता बसवताना तयार केल्या जातात. तिची वही वेगळी, म्हणून यूसीएफक्यू या कमांडने वेगळं विचारावं लागतं. नुसत्या डेबसम्सच्या यादीवर विसंबून कामाला लागलो असतो तर नेमकी सगळ्यात नाजूक फाइल नजरेतून सुटली असती.

यानंतर सर्व्हर ज्या व्हर्च्युअल मशीनवर चालतो, तिची प्रत काढून तिच्यावर रंगीत तालीम केली. कोहाची प्रत चालू करताना एक काळजी घ्यावी लागते. कोहा क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, वाचकांना 'पुस्तक परत करा' अशा ईमेल पाठवतं, आणि प्रत तर हुबेहूब मूळ सर्व्हरसारखीच असते. म्हणून तिचं जाळं आधी तोडलं, कोहाची ईमेल बंद करण्याची कमांड चालवली, बाहेर जाणारी मेल अडवली आणि मगच पॅकेजं उतरवण्यापुरती वाट उघडली.

पहिल्या तालमीत मुद्दाम काहीच आवरलं नाही. फाइली आहेत तशा ठेवून अपग्रेड चालवलं आणि प्रत्येक प्रश्न उतरवून घेतला. एसएसएचडी-कॉन्फिगचा प्रश्न निळ्या पडद्यावर आला. यूसीएफ फरक तर दाखवतंच, शिवाय जुनी मूळ, आपली आणि नवी अशा तिन्ही आवृत्त्या घेऊन त्यांची जुळणी करून देण्याचीही तयारी दाखवतं. फरक उघडला. आपल्या ओळी ओळखू आल्या: रूट या सर्वाधिकारी खात्याला थेट प्रवेश नाही, पासवर्डने प्रवेश नाही, ठरावीक खात्यांनाच परवानगी. पण आणखी एक ओळ वेगळी होती आणि तिला आपण कधी हातच लावला नव्हता. जुन्या फाइलीत 'चॅलेंज-रिस्पॉन्स-ऑथेंटिकेशन नो' असं होतं, नव्या फाइलीत तिथे 'केबीडी-इंटरॅक्टिव्ह-ऑथेंटिकेशन नो'. ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरच्या ८.७ आवृत्तीत हा पर्याय नव्या नावाने आला. डेबियन ११मधलं ओपनएसएसएच ८.४ होतं, १२मधलं ९.२, म्हणून बदल आत्ता समोर आला. जुनं नाव अजून चालतं, पण ते कालबाह्य ठरवलेलं आहे. सरळ एन दाबलं असतं तरी त्या दिवशी काही अडलं नसतं, आणि जुनं नाव आणखी काही वर्षं तसंच पडून राहिलं असतं. असे फरक वाचायला वेळ मिळावा म्हणून तर तालीम.

प्रश्नांची यादी हातात आल्यावर जे केलं ते या सगळ्या खटाटोपाचं सार आहे असं मी मानतो: आपल्या ओळी पॅकेजच्या फाइलींतून उचलून आपल्या स्वतंत्र फाइलींत ठेवल्या, आणि पॅकेजच्या फाइली मूळ रूपात परत नेल्या.

डेबियन ११पासून एसएसएचडी-कॉन्फिगच्या वरच्याच भागात एक इन्क्लूड ओळ असते. ती शेजारच्या, नावाशेवटी 'डॉट डी' असलेल्या डिरेक्टरीतल्या 'कॉन्फ' शेपटाच्या सगळ्या फाइली वाचते. आपले नियम तिथे एका छोट्या फाइलीत गेले. एसएसएचडी एखाद्या पर्यायासाठी पहिल्यांदा जी किंमत भेटेल तीच धरतो, पुढची सोडून देतो. इन्क्लूड वर असल्यामुळे आपली फाइल जिंकते. मारियाडीबीचं बरोबर उलट, तिथे शेवटची किंमत खरी. म्हणून स्मृतीच्या बफरची आपली सेटिंग पन्नास क्रमांकाच्या फाइलीतून काढून नव्वदने सुरू होणाऱ्या फाइलीत ठेवली. सुडोअर्समध्येही शेवटचा जुळणारा नियम लागू होतो आणि तिथे आणखी एक अट आहे: सुडोअर्सच्या 'डॉट डी' डिरेक्टरीतल्या ज्या फाइलीच्या नावात टिंब असतं, ती वाचलीच जात नाही. कसलीही तक्रार न करता वगळली जाते. एसएसएचच्या सवयीने कोणी तिथेही नावाला 'कॉन्फ' शेपूट लावलं, तर नियम लिहिलेला दिसतो पण लागू होत नाही. बॅकअपच्या खात्याला लागणारा नियम आम्ही सुडोअर्स लिहिताना चूक पकडणाऱ्या व्हीसुडोने, टिंब नसलेल्या नावाच्या फाइलीत लिहिला.

अपाचेत कर्मचाऱ्यांच्या कोहासाठी ८०८० पोर्ट (जोडणीचा क्रमांकित दरवाजा) उघडलेला होता आणि ती 'लिसन' ओळ थेट पोर्ट्‌स-कॉन्फमध्ये होती. ती तिथून काढली, वेगळ्या फाइलीत लिहिली आणि एटूएनकॉन्फ या कमांडने चालू केली. दोन्ही ठिकाणी ठेवून चालत नाही, एकच पोर्ट दोनदा मागितला की अपाचे सुरूच होत नाही. मूळ फाइली परत मिळवायला पॅकेज उतरवून एका तात्पुरत्या डिरेक्टरीत उलगडायचं आणि त्यातली प्रत घ्यायची. एसएसएचडीची मूळ प्रत तर यूएसआर-शेअरमधल्या ओपनएसएसएचच्या डिरेक्टरीत आयतीच असते.

हलवाहलव करताना अर्थ बदलला नाही ना, याची खात्री नजरेने करू नये. एसएसएचडीला मोठा टी हा पर्याय दिला की सगळ्या फाइली वाचून शेवटी ज्या किंमती लागू होतात, त्या तो ओळीने छापतो. हलवण्याआधीचं आणि नंतरचं छापील रूप दोन फाइलींत घेऊन डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडने ताडलं. एका अक्षराचाही फरक नाही. मारियाडीबीसाठी माय-प्रिंट-डिफॉल्ट्स, अपाचेसाठी मोठा एस, सुडोसाठी व्हीसुडोचा तपासणीचा पर्याय. प्रत्येक सेवेचं असं काही ना काही असतंच आणि ते वापरायची सवय लावून घ्यावी. एसएसएचच्या बाबतीत मी आणखी एक नियम पाळतो. सेवा रीस्टार्ट केल्यावर चालू जोडणी तशीच ठेवायची, दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत येऊन बघायचं आणि मगच पहिली बंद करायची. रीस्टार्टने चालू जोडण्या तुटत नाहीत, त्यामुळे नवा माणूस आत येऊ शकत नसला तरी आपण आतच असतो.

आवरलेल्या सेटिंग्ज घेऊन नव्या प्रतीवर पुन्हा तालीम केली तेव्हा अपग्रेड या फाइलींपाशी थांबलंच नाही. सुडोअर्सचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. डेबियन १२च्या सुडोअर्समध्ये 'यूज-पीटीवाय' ही नवी ओळ आहे, जिच्यामुळे सुडोने चालवलेल्या कमांडला स्वतंत्र आभासी टर्मिनल मिळतं. ही सुरक्षेची सुधारणा आहे. फाइल मूळ रूपात असल्यामुळे ती आपोआप आली आणि आपला नियम शेजारच्या फाइलीत जागच्या जागी राहिला. आधीच्या अवस्थेत प्रश्न आला असता, आणि घाईत एन दाबणाऱ्याकडे ती ओळ आलीच नसती.

प्रश्न विचारणाऱ्या फाइलींची सोय अशी लावता येते. काळजी करावी ती न विचारणाऱ्यांची. कोहाची मुख्य फाइल, प्रत्येक ग्रंथालयासाठी स्वतंत्र असणारी कोहा-कॉन्फ, ही ग्रंथालयाचा कोहा उभा करताना साच्यावरून एकदाच तयार होते. पुढे कोहाची नवी आवृत्ती आली की पॅकेजमधला साचा बदलतो, पण आपली फाइल जन्मली तशीच राहते. नव्या सोयीला लागणारी नोंद त्यात नसेल तर ती हाताने घालावी लागते. कोहाच्या 'अबाउट' पानावर सिस्टिमची माहिती दाखवणारा भाग असतो आणि कुठल्या नोंदी गहाळ आहेत ते तिथे लिहून येतं. आमच्याकडे एन्क्रिप्शन-कीची नोंद नव्हती. ती दुहेरी पडताळणीसाठी लागते. हे पान अपग्रेडनंतर बघायचंच, पण मी साचा आणि आपली फाइल डिफने शेजारी ठेवूनही वाचतो. साच्यात डेटाबेसच्या पासवर्डच्या जागी दोन्ही बाजूंना अधोरेषा असलेली खूण असते, तसे फरक सोडून द्यायचे. उरतात ते थोडेच, आणि ते प्रत्येकी समजून घेण्यासारखे असतात.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म. फाइल तीच, ओळी त्याच, पण न लिहिलेल्या गोष्टींचा अर्थ बदललेला. ग्रंथालयाचा रात्रीचा बॅकअप एक जुनी साठवणूक-पेटी एसएसएचने ओढून नेते. ओपनएसएसएच ८.८पासून एसएचए-१ या जुन्या पद्धतीवर आधारलेल्या आरएसए सह्या (किल्ली खरी असल्याचा पुरावा) मुळातच बंद आहेत. आपल्या फाइलीत याबद्दल एक ओळही नाही, त्यामुळे कुठला प्रश्न येण्याचा संबंधच नाही. तालमीत मोठ्या टीचं आधीचं आणि नंतरचं छापील रूप ताडलं तेव्हा मान्य सह्यांच्या यादीतून ते नाव गेलेलं दिसलं आणि पेटीतला एसएसएच किती जुना आहे हे तपासायचं सुचलं. तो नव्या सह्या न जाणणारा निघाला. जुनी सही सर्व्हरवर पुन्हा चालू करता येते, पण एका पेटीसाठी सगळ्यांचा दरवाजा सैल करणं योग्य नव्हे. पेटीवर ईडी-२५५१९ प्रकारची नवी किल्ली बनवली, ती तिला चालत होती, आणि अपग्रेडच्या बऱ्याच आधी बॅकअप त्या किल्लीवर नेला.

मग तारीख ठरवायला ग्रंथपाल मॅडमकडे गेलो. त्यांचा मुद्दा एकच होता.

"सुट्टी असली तरी सोमवारी सकाळी काउंटर उघडतो सर. इश्यू-रिटर्न चाललंच पाहिजे."

"चालेल मॅडम. रविवारी दुपारी चारपर्यंत सगळं तपासून झालं नाही, तर त्याच क्षणी जुना स्नॅपशॉट परत लावणार. तुम्हाला सोमवारी जुनं किंवा नवं, पण चालणारं कोहा मिळेल."

"मग शनिवारी संध्याकाळनंतर कोणी एंट्री करायची नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवते."

हे त्यांनी आपणहून सुचवलं आणि ते फार महत्त्वाचं होतं. परत फिरायची वेळ आली तर मधल्या नोंदी हरवतात, तो प्रश्नच उरला नाही.

रविवारचं काम शांतपणे झालं. टीमक्समध्ये बसलो, म्हणजे जोडणी तुटली तरी अपग्रेड एखाद्या प्रश्नावर अर्धवट लटकून राहणार नाही. डेबियनच्या प्रकाशन-टिपणांत सुचवल्याप्रमाणे सगळं सत्र स्क्रिप्ट कमांडने नोंदवून ठेवलं, आधी नवी पॅकेजं न आणणारं साधं अपग्रेड केलं आणि मग पूर्ण अपग्रेड. एक-दोन किरकोळ फाइलींसाठी प्रश्न आले, त्यांची उत्तरं तालमीतल्या वहीत होती. डी दाबून फरक तोच आहे ना बघितलं आणि उत्तर दिलं. वहीत नसलेला प्रश्न आलाच असता तर झेड दाबून शेलमध्ये जाऊन निवांत वाचायचं ठरवलं होतं. अपग्रेड तिथे हवा तितका वेळ थांबून राहतं, घाई करणारे आपणच असतो.

रीस्टार्टनंतर ईटीसीमध्ये गिटला अपग्रेडच्या आधीची आणि नंतरची नोंद ताडायला सांगितली. ईटीकीपरचा खरा उपयोग इथे होतो, कारण न विचारता बदललेल्या फाइली फक्त इथेच एकत्र दिसतात. बहुतेक बदल टिप्पण्यांचे असतात, तरी मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. त्यानंतर फाइंडने 'डीपीकेजी', 'यूसीएफ' आणि जुळणी फसल्याच्या शेपटाच्या फाइली शोधल्या. ज्यांचा फरक वाचून निकाली काढला, त्या पुसल्या. या उरलेल्या फाइली तशाच ठेवू नयेत. पुढच्या अपग्रेडनंतर त्यातली कुठली ताजी आणि कुठली जुनी हे कळेनासं होतं. त्या बहुतेक ठिकाणी निरुपद्रवी असतात. अपाचे आपल्या साइटींच्या डिरेक्टरीतून फक्त 'कॉन्फ'ने संपणारी नावं वाचतो, क्रॉनही टिंबवाली नावं सोडून देतो. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब-सर्व्हरमध्ये मात्र डेबियनची मूळ सेटिंग चालू साइटींच्या डिरेक्टरीतली प्रत्येक फाइल वाचते. तिथे हाताने काढून ठेवलेली 'बॅक' शेपटाची प्रतही साइट म्हणून वाचली जाते. ग्रंथालयात अपाचे असला तरी दुसऱ्या एका सर्व्हरवर एनजिनएक्स आहे, म्हणून अशा प्रती मी ईटीसीत कुठेच ठेवत नाही. जुनं रूप बघायचं तर गिट आहे.

डेबियन १३ हे ९ ऑगस्ट २०२५ला आलं आणि त्यासाठीची वही उघडली आहे. पहिली नोंद न विचारणाऱ्या गटातली आहे. डेबियन १३मध्ये सिस्टिमडी, म्हणजे सर्व्हरच्या सेवा सुरू करणारी प्रणाली, ईटीसीतली सिसकंट्रोल-कॉन्फ ही फाइल वाचतच नाही. फाइल जागेवर दिसते, त्यातल्या ओळी दिसतात, पण कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, त्या पोचत नाहीत. कर्नलच्या सगळ्या किंमती सिसकंट्रोलच्या मोठ्या ए पर्यायाने छापून ठेवल्या आहेत आणि आपल्या ओळी सिसकंट्रोलच्या 'डॉट डी' डिरेक्टरीतल्या स्वतंत्र फाइलीत हलवल्या आहेत. डेबियन १२ ती डिरेक्टरी आजही वाचतं, त्यामुळे हे काम आत्ताच उरकता आलं.